कांचपेटींतील वनस्पतींचें वायुरूप अन्न

घरांत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे जुनीच. परंतु माशांबरोबर खऱ्या पाणवनस्पतींचें उद्यान कांचपेटींत फुलविण्याची हौस अलीकडची आहे. जपानांतील नीगाता प्रांताचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) ह्यांनीं ह्या कलेला आजचें रूप दिलें, आणि तिच्याबरोबर पेटींत कर्बाम्लवायु, म्हणजे शाळेंतल्या मुलांचा कार्बन डायऑक्साइड, सोडण्याची रीतही जगभर पसरली. आतां आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील तरुण मंडळीही ह्या कामाचीं उपकरणें मागवूं लागली आहेत. ‘कोणतें घ्यावें?’ हा प्रश्न मग घरांतील वडील माणसांपुढें येतो. कारण पैसे तेच देतात, आणि नळकांडें ठेवावयाचें तेंही त्यांच्याच दिवाणखान्यांत.

पुराणांतील तपस्वी वायुभक्षण करीत असें आपण वाचतों. वनस्पति मात्र खरोखरच वायुभक्ष होत. त्यांच्या देहांतील सारा कर्ब ह्या वायूंतून येतो. हवेंत तो दहा हजार भागांत चारांहून किंचित् अधिक. हवेशीं समतोल झालेल्या एक लिटर पाण्यांत जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आणि पाण्यांतून त्याचा प्रसार हवेच्या मानानें सुमारें दहा हजारपट मंद. म्हणून प्रखर दिव्याखालीं ठेवलेली लाल पानांची रोटाला भर पाण्यांत उपाशी राहते. उलट हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया ह्या आपल्याकडील तळ्याओढ्यांच्या वनस्पति पाण्यांतील बायकार्बोनेटांतूनही कर्ब मिळवितात, आणि काळ्या पाषाणांतून आलेल्या आपल्या विहिरींच्या जड पाण्यांत त्याचा तुटवडा नसतो. साधा दिवा आणि ह्याच दोन वनस्पति असतील, तर कांहींच विकत घेऊं नये, हें माझें पहिलें मत.

घेणेंच असेल तर वायु मिळविण्याचे मार्ग तीन. साखरेचें पाणी आणि यीस्ट घातलेली बाटली सर्वांत स्वस्त. पण यीस्ट हा सजीव पदार्थ. पौषांतल्या थंडींत तो निजतो, वैशाखांत चौखूर उधळतो, आणि रात्रीं त्याला ‘थांब’ म्हणतां येत नाहीं. दुसरा मार्ग लिंबूसत्त्व व खाण्याचा सोडा. दोन्ही समभाग घ्यावे असें दुकानदार सांगतात; रसायनशास्त्राच्या हिशेबानें १९२ ग्रॅम निर्जल लिंबूसत्त्वाला २५२ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे तीनास चार, आणि त्यांतून १३२ ग्रॅम वायु निघतो. हें मिश्रण सुरक्षा-झडप असलेल्या पोलादी भांड्यांतच करावें. साध्या बाटलींत कोंडणें म्हणजे घरांत फटाका ठेवणें होय. तिसरा मार्ग दाबाखालीं भरलेल्या नळकांड्याचा, त्याविषयीं पुढें.

वायु पाण्यांत विरघळविणाऱ्या उपकरणास डिफ्यूजर म्हणतात. त्याचें तत्त्व पाटीवरच्या गणिताइतकें सोपें आहे. एका मोठ्या बुडबुड्याचे निम्म्या व्यासाचे आठ बुडबुडे केले, तर वायु तेवढाच राहून पृष्ठभाग दुप्पट होतो. शिवाय लहान बुडबुडा सावकाश वर चढतो. मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि पैसे हवेंत जातात. चिनी मातीची सच्छिद्र चकती बसविलेला कांचेचा डिफ्यूजर दोन फुटी पेटीला पुरेसा आहे. तो तळाशीं, गाळणयंत्राचा प्रवाह येईल अशा जागीं बसवावा. मात्र त्याला दाब चांगला लागतो. यीस्टच्या बाटलीकडून तो बहुधा मिळत नाहीं. तिला वळणावळणाची बुडबुड्यांची शिडीच बरी. पेटीबाहेरचें गाळणयंत्र असेल तर त्याच्या नळींत बसणारा डिफ्यूजर उत्तम. आपल्या जड पाण्यानें चकतीवर पांढरा क्षार धरतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यांत भिजवून, स्वच्छ धुऊन ती पुन्हां लावावी.

परंतु उपकरण निवडतांना तें वायु किती देतें ह्यापेक्षां तें थांबतें किती खात्रीनें, हें पाहावें. दिवा मालवला कीं वनस्पतींना वायु नको असतो; उलट त्याच तो बाहेर टाकूं लागतात. अशा वेळीं वायु चालूच राहिला, तर पहाटे मासे पृष्ठभागीं तोंडें उघडून धापा टाकतात, आणि शाळेला निघालेल्या मुलांना ते पालथे तरंगतांना दिसतात. म्हणून विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप हवीच. वीज गेली कीं ती आपोआप मिटते, हा आपल्या भागांत मोठाच गुण. तथापि एक मेख आहे. फिरत्या चकतीचा साधा टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि तेवढाच मागें पडतो. दुपारीं तीन तास वीज नसेल, तर सायंकाळीं वायूही तीन तास उशिरा बंद होतो. दिवा दुसऱ्या बटणावर असेल तर अंधारांत वायु चालू! आंत बॅटरी असलेला टायमर घ्यावा. पाणी उलट नळींत न शिरूं देणारी झडपही विसरूं नये.

आतां नळकांडें. हा वायु ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाहीं, आणि तेथून पुढें बंद भांड्यांतील दाब झपाट्यानें चढतो. आमच्याकडे मे महिन्यांत खोलींतही पारा चाळिशीला भिडतो. म्हणून तोलून, ठराविक वजनापर्यंतच भरून घ्यावें. उन्हांत ठेवूं नये. उभें बांधून ठेवावें. २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांची अंमलबजावणी करणारें ‘पेसो’ हें केंद्रीय खातें आपल्या नागपुरांतच आहे. चाचणीची तारीख नळकांड्यावर ठोकलेली आहे ना, हें पाहूनच घ्यावें. जुन्या अग्निशामकाचें नळकांडें स्वस्त मिळतें, पण त्यांत तळापर्यंत नळी असते आणि ती वायूऐवजीं द्रव बाहेर काढते. तें नको.

प्रमाण कळण्यास पेटींत टांगावयाची रंगदर्शक कुपी मिळते. निळा रंग कमी, हिरवा योग्य, म्हणजे लिटरमागें सुमारें ३० मिलिग्रॅम, पिवळा धोक्याचा. कुपी एक-दोन तास मागें असते. माशांचा श्वास अधिक खरा. वीस अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, पस्तीस अंशांना सुमारें ७. तेव्हां चैत्रापासून कुपी हिरवटनिळीच ठेवावी. सुट्टींत परगांवीं जातांना नळकांड्याची मुख्य झडप हातानें बंद करावी. आठ दिवस वायु न मिळाल्यानें वनस्पति मरत नाहींत. दिव्याचे तास मात्र निम्मे करावेत, नाहीं तर परत येईपर्यंत शेवाळ माजतें.