विद्यार्थ्याची महागाई

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. भागाकार करून पाहावा. जेवणास दिवसाला अठ्ठ्याऐंशी रुपयेही नाहीत. खोलीस महिना १,६६७! हा हिशेब मांडणाऱ्याने पुण्याच्या पेठेत एक महिना काढून दाखवावा.

सरकारी नोकराचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला असतो. आम्हां निवृत्तांच्या पेन्शनीवरही तो चढतो. विद्यार्थ्याच्या ताटाला मात्र या योजनेने निर्देशांक दिला नाही. भाव वाढले की तो एक वेळचे जेवण तोडतो. भत्ता निर्देशांकाशी जोडा व सत्रारंभीच द्या, ही मागणी आपल्या शाखांनी येत्या अधिवेशनापूर्वी तालुक्यातालुक्यांतून उठविली पाहिजे.