हिशेब कोणाचा आणि शेवट कोणाचा?

चित्रपट रखडला, पैसा संपला, दिग्दर्शक आणि भांडवलवाले यांची जुंपली, की आमच्याकडे एक वाक्य हमखास कानी येते : ‘कलावंताला व्यवहार कळत नाही.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि ऐकणाराही तो मागत नाही. जणू पंचांगात छापलेले वचनच! मी पडलो शाळामास्तर. उत्तराबरोबर रीतही दाखव, असे म्हणण्याची खोड मला जडलेली आहे. म्हणून हे वचन एकदा फळ्यावर मांडून पाहू.

पहिले उदाहरण घरचेच घेऊ. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला, आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचे रोप कसे वाढते याची एक चिमुकली फिल्म काढून दाखवली. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, कोऱ्या फिल्मला घरी बसून भोके पाडली, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. याला व्यवहार म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? पुढे १९१८ साली भागीदार मिळाले आणि हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ झाले, पैसा आला; आणि पैशाबरोबर खर्चावरून खटकेही आले. फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि तेथे ‘रंगभूमि’ नावाचे नाटक लिहीत बसले. त्यांच्यावाचून कंपनी चित्रे काढीतच होती. आज त्यांतल्या किती चित्रांची नावे वाचकांना सांगता येतील? पुढे फाळके कंपनीत परत आले, ते काही त्यांना एकाएकी जमाखर्च समजू लागला म्हणून नव्हे. कंपनीला त्यांची गरज होती म्हणून.

बंगालातले प्रकरण याहून बोलके आहे. सत्यजित राय कलकत्त्याला एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. बिभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीवर चित्रपट काढायचे त्यांनी मनात घेतले आणि निर्मात्यांचे उंबरठे झिजवले. गाणी नाहीत, नाच नाही, ओळखीचा नट नाही. कोण पैसे देणार? तेव्हा या माणसानेही विम्यावर कर्ज काढले, हौसेने जमवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, बायकोचे दागिने गहाण टाकले. फाळक्यांचीच वाट, चाळीस वर्षांनंतर! २७ ऑक्टोबर १९५२ रोजी काश नावाच्या उंच, पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात पहिले चित्रण झाले. नोकरी सांभाळून काम चालले होते, म्हणून उरलेले दृश्य पुढच्या रविवारी घ्यायचे ठरले. रविवारी जाऊन पाहतात तो गुरांनी सारे गवत फस्त केलेले! त्या दृश्यासाठी पुढचा हंगाम येईपर्यंत थांबावे लागले.

नंतर पैसाच आटला. काम महिनोन्‌महिने बंद पडले. आता येथे आमच्या व्यवहारी मंडळींनी जरा लक्ष द्यावे. बंद पडलेल्या कामाचा खर्च कोणत्या वहीत लिहितात? अपूचे काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला असता, दुर्गेची मुलगी मोठी दिसू लागली असती किंवा इंदिर ठाकरुण झालेली ऐंशीच्या घरातली चुनीबालादेवी मध्येच गेली असती, तर तोवर ओतलेला सारा पैसा मातीत जाता. यांतले काही घडले नाही, हा चमत्कारच असे राय पुढे म्हणत. पण सारेच निभावले असेही नाही. मिठाईवाल्याचे काम करणारा मनुष्य मध्यंतरी वारला. त्याच्या जागी दुसऱ्याला उभा करून पाठमोरा दाखवावा लागला. कुत्राही मेला, दुसरा शोधावा लागला. चुनीबालादेवीने आपले काम पुरे केले, पण चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच ती गेली. कलावंताने एक दिवस वाया घालवला तर त्याची नोंद लाल शाईने होते. पैसेवाल्याने एक वर्ष वाया घालवले तर त्याला ‘अडचण’ म्हणतात!

अखेर पश्चिम बंगाल सरकार मदतीला आले. मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांनी पैसा मंजूर केला. चित्रपटाच्या नावात ‘पथ’ होता, म्हणून म्हणा, खर्ची पडला तो रस्तेसुधारणेच्या नावे. या गमतीवर हसावे, पण सरकारचे उपकारही मानावेत. पैसा हप्त्याहप्त्याने मिळे. आधीच्या हप्त्याचा हिशेब द्यावा तेव्हा पुढचा सुटे. राय यांनी हिशेब दिला. व्यवहार कळत नसलेल्या या माणसाचा सगळा चित्रपट फार तर दीड लाखात झाला आणि सरकारचा पैसा वसूलही झाला. आता सांगा, व्यवहार कोणाला कळत नव्हता?

खरा तंटा पैशाचा नव्हताच. तो शेवटाचा होता. मुलगी मेली, घर मोडले, आणि कुटुंब गाव सोडून चालले, असा तो शेवट. सरकारी मंडळींना तो रुचेना. ग्रामसुधारणेचे दिवस, या कुटुंबाने गावातच राहून घर पुन्हा उभारावे, असे त्यांचे म्हणणे. राय यांनी ते मानले नाही. त्यांनी पावती मागितली तेव्हा पावती दिली. शेवट मागितला तेव्हा दिला नाही. ३ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात चित्रपट प्रथम दाखवला गेला, तो त्याच शेवटासह. योगायोग पाहा, ‘राजा हरिश्चंद्र’ची तीच तारीख!

माझ्या एका कादंबरीवर चित्रपट काढायला एक गृहस्थ आले होते. त्यांनी पहिल्याच बैठकीत नायकाचे मरण रद्द केले, दुसऱ्या बैठकीत गाव बदलले. तिसरी बैठक मीच होऊ दिली नाही. हातचे पैसे गेले, आणि मास्तराला पैशाची गरज नसते असे समजण्याचे कारण नाही. पण ज्याला मूळ गोष्टच नको होती, त्याने ती विकत घ्यायला यावेच कशाला?

यावर कोणी हॉलिवूडचा ‘हेवन्स गेट’ पुढे करील. १९८० सालच्या त्या चित्रपटाचा अंदाज होता सुमारे एक कोटी दहा लाख डॉलरांचा. खर्च गेला चार कोटींच्या पुढे. तो साफ पडला आणि पुढच्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी कंपनी विकली गेली. उदाहरण खरे आहे, ते मी झाकून ठेवीत नाही. पण त्यातून निघते काय? हिशेब वेळेवर मागावा, एवढेच. जो मुनीम रोज वही पाहतो आणि अडले तेथे अडवतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. तो चित्रपटाचा मित्रच आहे. माझे भांडण आहे ते वही मिटून लेखणी उचलणाऱ्याशी.

भांडवलवाल्यांनी पै-पैचा हिशेब घ्यावा, आणि कबूल केलेला पैसा कबूल केलेल्या दिवशी द्यावा. एवढे केले तर त्यांचे कर्तव्य झाले. गोष्टीत कोणी मरावे आणि कोणी जगावे हे ज्याला ठरवायचे असेल, त्याने आधी एक गोष्ट लिहून दाखवावी. ते जमत नसेल तर खुशाल गूळ-तेलाची पेढी घालावी. त्या धंद्यात शेवट बदला म्हणून भांडायला कोणी येत नाही.