वाण तोच, मग ऊस वेगळा का?



गटागटांतून फिरताना एक तक्रार आम्हांला हमखास ऐकू येते. "साहेब, ८६०३२ आता बिघडला, नवा वाण द्या." बांधाला बांध लागून दोन शेते, दोन्हींत वाण तोच. एकाच्या बेटाला आठ-दहा ऊस, दुसऱ्याच्या बेटाला दोन-तीन, तेही बोरूसारखे! वाणाला दोष दिला की काम भागते. पण आमचे स्पष्ट मत असे की, बहुतेक ठिकाणी खोट वाणात नसून बेण्यात असते.

ऊस आपण बियाने लावत नाही, टिपरीने लावतो. को. ८६०३२ कोइमतूरला तयार झाला व १९९६ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. तेव्हाच्या एका रोपाचीच ही सारी डोळ्या-डोळ्याने वाढलेली प्रजा. म्हणजे माळशिरसचा ऊस आणि मोहोळचा ऊस हे जुळे भाऊ. रक्त एकच, पण पोसणे वेगळे.

शेंड्याकडचा डोळा कोवळा, रसरशीत. तो लवकर फुटतो. बुडख्याचा डोळा निबर, मागे राहतो. मागे राहिलेल्या कोंबावर शेजारच्याची सावली पडते, आणि बुडाला ऊन मिळाले नाही तर फुटवे येत नाहीत, आलेले मरतात. म्हणून बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच हवे आणि सरी चार फुटांच्या आत नको.

दुसरी गोष्ट रोगाची. काणी, गवताळ वाढ हे रोग बेण्याबरोबर येतात. सांगोल्याकडील डाळिंबवाल्यांना हे सांगायला नको. रोगट झाडाची गुटी बागेत तेल्या घेऊन येते. तरी आपण खोडव्याचे बेणे खुशाल लावतो! बेणेमळ्याच्या मूलभूत बेण्यावर ५४ अंशांच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची अडीच तास प्रक्रिया करतात, ती उगीच नव्हे.

हिशेब सोपा आहे. एकरी ४० हजार ऊस, दीड किलोचा एक, तर ६० टन. २५ हजार ऊस, सव्वा किलोचा एक, तर ३१ टन. पाणी, खत, मशागत दोघांची सारखीच.

"बेणेमळ्याचे बेणे महाग पडते, वाहतूक अंगावर येते," असे सभासद म्हणतात. ते खोटे नाही, आणि कारखान्यांनीही गटवार बेणेमळे वाढवले पाहिजेत. पण युरियाचे एक पोते जादा टाकताना आपण मागेपुढे पाहत नाही, मग बेण्यालाच हात आखडता का? चांगले बेणे एकदा आणून दहा गुंठे घरचा बेणेमळा केला, तर ढोबळ मानाने त्याच्या दहापट, म्हणजे अडीच एकर लागण होते. दर तीन-चार वर्षांनी ते बदलावे.

नवा वाण येईल तेव्हा येईल. तोही खोडव्याच्या टिपरीने लावला, तर चार वर्षांत त्याच्याही नावाने हीच ओरड होईल. यंदाची लागण करण्यापूर्वी टिपरी हातात घेऊन डोळा पाहा, एवढीच आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी