हरवलेल्या मैत्रिणींचा पत्ता



गेल्या महिन्यात वस्तीतल्या बचत गटाचा हिशेब आटोपल्यावर गप्पा फेसबुकवर आल्या. कोणी कशासाठी खातं उघडलं, असा सहज प्रश्न निघाला. नातवंडांचे फोटो, शिवणाच्या ऑर्डरी अशी उत्तरं आली. पण सात-आठ जणींचं कारण एकच होतं : ‘‘शाळेतली मैत्रीण सापडते का, ते बघायला.’’

एरवी ती का सापडत नाही? कारण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं, पुष्कळदा पाळण्यातलं नावही गेलं. वर्गातला मुलगा पन्नास वर्षांनीही त्याच नावाने सापडतो. मुलगी मात्र हरवते आणि त्याची तक्रार कुठेच नोंदवली जात नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. आहे ती निव्वळ रूढी.

मीही खातं उघडलं ते याच कारणासाठी. सांगताना मात्र ‘संस्थेच्या कामासाठी’ असं सांगितलं! कामासाठी, मुलांसाठी म्हटलं की चालतं. ‘मला मैत्रीण हवी’ म्हणायला आपल्यालाही संकोच वाटतो. ‘जे व्यक्तिगत, तेच राजकीय’ असं शिबिरांतून सांगणाऱ्या आपण स्वतःची ही गरज मात्र क्षुल्लक मानतो.

या वाटेवर धोके आहेतच. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने तो लिहिला होता, दुसरीने नुसता पसंत केला होता. ज्या कलमाखाली हे घडलं ते ‘६६ अ’ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. इंटरनेटवरून बाईचा पाठलाग करणं २०१३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये येतो. तरीही घाणेरडा संदेश आला की घरचे आधी तिलाच खातं बंद करायला लावतात. त्याऐवजी संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावा आणि गटात येऊन बोलावं.

आणि मुळात फोन हातात येतो किती जणींच्या? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांतल्या कित्येकींचा पासवर्ड नवऱ्याला पाठ असतो. म्हणजे पेटीची किल्ली पुन्हा त्याच्याच कमरेला!

बैठकीतल्या एका ताईंनी त्याच दिवशी आपल्या नावापुढे माहेरचं नाव लिहिलं. पंधरा दिवसांनी निरोप आला, ‘‘तू तीच का गं, माझ्या बाकावरची?’’ वाचून दाखवताना त्यांना पुढे बोलवेना.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपलं जन्माचं नाव फळ्यावर लिहावं असं ठरलं आहे. तुमच्या गटातही हे करून पाहा, आणि काय घडलं ते आम्हाला जरूर कळवा.

आपली,
संपादक मंडळाच्या वतीने