फोन अपडेट केला, पण ॲपच्या पोटातली लायब्ररी जुनीच?

१ नोव्हेंबर २०२५ पासून गुगल प्लेने एक नियम लावला. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या व्हर्जनसाठी नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं असेल, तर ते १६ केबीची 'मेमरी पेज' वापरणाऱ्या फोनवरही चाललं पाहिजे. आतापर्यंत अँड्रॉइड फोन मेमरीचे ४ केबीचे तुकडे वापरत आले आहेत. नियम डेव्हलपरसाठी आहे, मग आपल्याला काय त्याचं? तर, बरंच काही.

लायब्ररी ठेवायची कुठे?

फोटो उघडणं, व्हिडिओ चालवणं यासाठी प्रत्येक डेव्हलपर नव्याने कोड लिहीत बसत नाही. आधीच कंपाइल केलेल्या लायब्ररी वापरतो. अँड्रॉइडवर या 'डॉट एसओ' फाइल्स.

लिनक्सवर साधारणपणे लायब्ररीची एकच कॉपी सिस्टीमच्या फोल्डरमध्ये असते आणि सगळे प्रोग्रॅम तीच वापरतात. दोष सापडला की एक फाइल बदलायची, काम झालं. पण नवं व्हर्जन जुन्या प्रोग्रॅमला चाललं नाही, तर तो बंद पडतो. विंडोजवर अशाच गोंधळाला 'डीएलएल हेल' म्हणायचे.

अँड्रॉइडवरही काही ॲप्स सिस्टीमच्या अंतर्गत लायब्ररी परस्पर वापरायची आणि फोन अपडेट झाला की क्रॅश व्हायची. म्हणून २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून हा रस्ता बंद करायला सुरुवात झाली. गुगलने खुल्या ठेवलेल्या मोजक्या लायब्ररी सोडल्या, तर प्रत्येक ॲपने आपला डबा घरूनच आणायचा.

डब्यातलं शिळं झालं तर?

सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी फोटो उघडणाऱ्या 'लिबवेबपी' लायब्ररीत गंभीर दोष सापडला. हल्लेखोर तो आधीच वापरत होते. क्रोम आणि फायरफॉक्सने लगेच दुरुस्ती दिली. पण ही लायब्ररी पोटात घेऊन फिरणाऱ्या असंख्य ॲप्सना आपापलं अपडेट काढावं लागलं. ज्यांनी काढलं नाही, त्यांच्यात भोक तसंच राहिलं.

१६ केबीचंही तेच. फक्त जावा-कोटलिनमधल्या ॲप्सना सहसा अडचण नाही. 'डॉट एसओ' फाइल असेल तर ती नव्याने कंपाइल करावी लागू शकते. ती दुसऱ्या कुणाची असेल आणि त्याने काम थांबवलं असेल, तर डेव्हलपरही अडकतो. अँड्रॉइड १६ मध्ये जुन्या ॲप्ससाठी कम्पॅटिबिलिटी मोड आहे, पण तो कायमचा इलाज नव्हे.

थोडक्यात, डबा सोबत आणल्याने ॲप कमी बंद पडतं, पण सुरक्षेची जबाबदारी फोन कंपनीकडून ॲप बनवणाऱ्याकडे जाते. म्हणून प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट चालू ठेवा. ॲपच्या माहितीत शेवटच्या अपडेटची तारीख बघा. दोन-तीन वर्षं हात न लागलेलं ॲप असेल, तर पर्याय शोधा. आणि 'मॉड' एपीके? त्याच्या डब्यात कुणी काय भरलंय, ते तुम्हाला कळणारच नाही.