ट्रकचा वायरिंग नकाशा तालुक्यातही मिळायला हवा

ट्रक सुरू होत नाही म्हणून फोन आला की चालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "सेल्फ गेलाय." पुष्कळदा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, धडधाकट असतो. तरी तो उतरवला जातो, उघडला जातो, नवे कार्बन ब्रश घालून पुन्हा चढवला जातो. गाडी जागची हलत नाही आणि मालकाचा खिसा रिकामा होतो.

माझं काम ट्रकच्या वायरिंगचं. दुकान लोहाऱ्यात, पण कामासाठी उमरग्यापासून जळकोटपर्यंत, राष्ट्रीय महामार्ग ६५ वर गाडी जिथं बंद पडेल तिथं जावं लागतं. हंगामात उसाच्या गाड्या, एरवी लातूरला सोयाबीन आणि तूर नेणाऱ्या. अलीकडे मात्र पुणे-हैदराबाद मार्गावर क्लचचं पेडलच नसलेले मोठे ट्रक दिसू लागलेत. टाटा प्राइमा, व्होल्वो, भारतबेंझ यांच्या गाड्यांत ही एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, मिळते. गिअरबॉक्स आतून दातेरी चाकांचाच असतो. क्लच सोडायचं आणि गिअर बदलायचं काम संगणक करतो, आणि बहुतेक मोठ्या गाड्यांत त्यासाठी हवेचा दाब वापरतो. चालकाला घाटात, ट्रॅफिकमध्ये केवढा आराम! या गाड्या वाढणार आणि वाढाव्यातच.

पण त्या बंद पडण्याची रीत वेगळी आहे. जुन्या ट्रकमध्ये चावी फिरवली की रिलेमार्फत करंट थेट सेल्फपर्यंत जायचा. इथं चावी फिरवणं म्हणजे नुसती विनंती. इंजिनाचा संगणक आधी गिअरबॉक्सच्या संगणकाला विचारतो, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? उत्तर पीळ घातलेल्या दोन बारीक तारांवरून येतं, त्यांना कॅन लाइन म्हणतात. 'हो' आलं तरच रिले बसतो. उत्तर आलं नाही तर बॅटऱ्या नव्या, सेल्फ नवा, आणि तरीही गाडी गप्प. धक्का मारून सुरू करायची सोयही यात नाही.

येणेगूरजवळ ढाब्यावर असाच एक कंटेनर सकाळी सुरू होईना. रात्री इंजिन गिअरमध्येच बंद पडलं होतं, चालकाने मेन स्विच काढला आणि तो झोपला. मी पोचलो तेव्हा एकजण सेल्फचे बोल्ट ढिले करायच्या तयारीत होता. दुसरा म्हणत होता, स्क्रू-ड्रायव्हर लावून डायरेक्ट करू. हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितलं. उजेड जराही मंदावला नाही, म्हणजे सेल्फ करंट ओढतच नव्हता. सेल्फच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर मीटर धरला. चावी फिरवली तरी तिथं व्होल्ट येत नव्हते. मग डॅशबोर्ड पाहिला. 'एन' अक्षर नव्हतं आणि हवेचा काटा खाली पडला होता. रात्रभरात एका पाइपातून हवा गळून गेली होती. हवा नाही म्हणून गिअर सुटेना, न्यूट्रल नाही म्हणून सेल्फला हुकूम मिळेना. शेजारच्या ट्रकमधून पाइप लावून हवा भरली. 'एन' दिसलं आणि गाडी सुरू झाली. नंतर गळका पाइप बदलला. मी येण्याआधी चालकाने कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन केला होता. तिकडून एकच सल्ला मिळाला होता, टो करून सोलापूरला आणा.

आता 'डायरेक्ट' करण्याविषयी माझ्या धंद्यातल्या भावांना कळकळीने सांगतो. ती गाडी गिअरमध्ये होती. सेल्फला थेट करंट दिला असता तर एवढं वजन झटक्यात पुढे सरकू शकलं असतं आणि करंट देणारा चेसिसखाली आडवा असता. न्यूट्रलची अट अशाच माणसाच्या जिवासाठी ठेवलेली आहे. ती वायर जोडून चुकवणं बंद करा.

त्याऐवजी मीटर धरायला शिकूया. २४ व्होल्टच्या गाडीत भरलेल्या दोन बॅटऱ्या मिळून सव्वापंचवीसच्या पुढे दाखवतात. सेल्फ फिरताना आकडा १९ च्या बराच खाली गेला तर दोष बॅटरीत, टर्मिनलमध्ये किंवा केबलमध्ये शोधायचा. अर्थिंगची केबल वरून चकचकीत आणि आतून हिरवी पडलेली असते, तीही सेल्फ फिरताना मोजल्याशिवाय कळत नाही. बॅटरी सोडवून कॅनच्या दोन तारांत ओहम मोजले तर ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे किंवा टोकाचा एक रेझिस्टर गेलाय. हे सगळं साध्या मल्टिमीटरवर होतं.

अडतं ते पुढे. त्या दोन तारा कनेक्टरच्या कुठल्या पिनांत आहेत? गिअरबॉक्सच्या संगणकाचा फ्यूज कुठला? हे वायरिंगच्या नकाशात असतं आणि तो नकाशा आम्हाला मिळत नाही. कंपनीकडे पैसे द्यायची तयारी दाखवून मागितला, तरी उत्तर मिळालं, बाहेर देत नाही. मग जिथं दहा मिनिटांत बोट ठेवता आलं असतं, तिथं अर्धा दिवस तार चाचपत बसायचं. एकच गाडी असलेल्या मालकाचा हप्ता तोवर थांबत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवणं चूक आहे, हा त्या आदेशाचा गाभा. प्रकरण कारचं होतं, पण ट्रकवाल्याचं दुखणं तेच आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यासोबत सक्तीचा कायदा मात्र आला नाही. युरोपात १ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या २०१८/८५८ या नियमानुसार कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही द्यावी लागते, वाजवी शुल्क घेऊन. त्यात ट्रकही येतात.

माहिती खुली केली तर गाड्या चोरीला जातील, अशी भीती दाखवली जाते. ती मला मान्य आहे. चावीचं कोडिंग कुलपात ठेवा. प्रदूषण नियंत्रणाचं सॉफ्टवेअरही कुणाच्या हाती देऊ नका. धूर शुद्ध करणारी युरियाची यंत्रणा बंद करून देणारे लोक आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा नाही. पण फ्यूजचा तक्ता, पिनांची यादी, एररच्या कोडचा अर्थ यात चोराच्या कामाचं काय आहे? एवढं मराठीत छापा, योग्य किंमत लावा आणि विका. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलच्या पोरांना असा एक खरा नकाशा हातात देऊन तार शोधायला लावा.

तोवर चालकांना एक विनंती. मेकॅनिकला फोन करण्याआधी चावी फिरवून नीट पाहा आणि एवढं सांगा : काहीच आवाज आला नाही, नुसतं 'टक्' झालं, की इंजिन फिरलं पण पेटलं नाही? लाइट मंदावले का? डॅशबोर्डवर 'एन' दिसतंय का, हवेचा काटा कुठे आहे? एवढं कळलं तर निघताना सोबत मीटर घ्यायचा, केबल घ्यायची की हवेचा पाइप, हे मला लोहाऱ्यातच ठरवता येतं.