याद्या चावडीवर लागू द्या

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्याच्या परंडा, भूम परिसरात पिकांबरोबर शेतातील मातीही वाहून गेली. ७ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज घोषित केले. असा पैसा आता थेट बँक खात्यात जमा होतो, ही निःसंशय मोठी सुधारणा आहे. परंतु खात्यापूर्वी शेतकऱ्याचे नाव यादीत यावे लागते आणि ती यादी पंचनाम्यावरून तयार होते. हे पंचनामे करणाऱ्यांची पदनामे शासनाने बदलली, तरी गाव त्यांना अद्याप तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक म्हणूनच ओळखते. खरी मेख आहे ती तेथे.

मराठवाड्यातीलच जालना जिल्ह्यात, अंबड व घनसावंगी तालुक्यांत, अतिवृष्टी अनुदानाच्या याद्यांत बनावट नावे घुसडल्याचे २०२५ मध्ये उघड झाले आणि अनेक तलाठी निलंबित झाले. तेथेही पैसा थेट खात्यातच गेला होता. यंत्राने खाते पडताळले. त्या खातेदाराचे शेत खरोखर बुडाले होते का, हे यंत्राला कसे कळणार? ते शेजारच्या बांधावरील शेतकऱ्याला कळते. पण त्याच्यासमोर यादी येतच नाही.

पारदर्शकता केवळ चोर पकडण्यासाठी हवी, ही समजूत अपुरी आहे. २००८ च्या कर्जमाफीची तपासणी करून महालेखापरीक्षकांनी २०१३ साली जो अहवाल दिला, त्यात अपात्रांना लाभ मिळाल्याची प्रकरणे होतीच. त्यापेक्षा अस्वस्थ करणारी नोंद वेगळी होती. लाभ न मिळालेल्या ९,३३४ खात्यांची तपासणी केली असता १,२५७ खाती पात्र निघाली. म्हणजे दर शंभरांत तेरांहून अधिक! बँकांनी याद्या करताना त्यांचा विचारच केला नव्हता. आपले नाव का नाही, हे विचारण्यासाठी आधी यादी दिसावी लागते. धाराशिवच्या शेतकऱ्याला कागदाचे मोल ठाऊक आहे. खरीप २०२० च्या सोयाबीन विम्यासाठी त्याला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची पायरी चढावी लागली; ७२ तासांत पूर्वसूचना दिली नाही, या सबबीवर लाखो शेतकऱ्यांची भरपाई अडली होती. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला.

कायदा नाही, असेही नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ अन्वये अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील शासनाने कोणी न मागता प्रसिद्ध करावयाचा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८ मधील वैयक्तिक माहितीचा अपवाद व्यापक केला. कलम ४ मधील ही तरतूद मात्र कायम आहे. त्यामुळे गोपनीयतेकडे बोट दाखवून यादी कपाटात ठेवणे समर्थनीय नाही. खाजगीपणाची चिंता अगदीच अनाठायी आहे असे नव्हे. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये शेती अनुदानधारक व्यक्तींची नावे सरसकट जाहीर करण्यास मनाई केली होती. पुढे २०१३ मध्ये तेथे नवा नियम झाला, लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळून इतरांची प्रसिद्धी पुन्हा सुरू झाली. येथेही आधार क्रमांक व खाते क्रमांक झाकावेत. नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि रक्कम यांत लपविण्यासारखे काय आहे? लपविण्याची गरज वाटते ती ज्याचे क्षेत्र कागदावर फुगले आहे त्याला.

यादी वाटपापूर्वी लागली पाहिजे, नंतर नव्हे. एकदा पैसा गेला की वसुलीची नोटीस निघते आणि वर्षानुवर्षे फिरत राहते. हरकतीसाठी सात दिवस दिले तर मदतीला विलंब होईल, असे प्रशासन म्हणेल. पण बनावट यादीच्या चौकशीत त्याहून कितीतरी अधिक काळ जातो, आणि त्या काळात खरा पूरग्रस्त सावकाराच्या दारी जातो. बटाईने शेत करणाऱ्याचे नाव तर सातबारावर नसतेच; त्याचे नुकसान गावाशिवाय कोण सांगणार?

२६ जानेवारी आणि १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. सभेच्या विषयपत्रिकेवर अनुदान यादीच्या वाचनाचा विषय घ्यावा, अशी लेखी मागणी गावातील सुशिक्षित तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी आतापासूनच ग्रामपंचायतीकडे द्यावी, आणि अर्जाची पोच घेऊन ठेवावी.